लाल खुणांचा काता

वाचकहो, प्रारंभीच नम्रपणे सांगून टाकतो : योग्य आराखडा हाती असेल, तर जगात कोणालाही काहीही शिकवता येते! तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन आयुष्यभर कारखान्यात यंत्रे बसवलेल्या माणसाचे हे ठाम मत आहे. म्हणजे, होते.

माझी नात कराटे शिकते. पिवळ्या पट्ट्याची परीक्षा तोंडावर आली होती आणि त्या पट्ट्यासाठी तिने आपल्या खोलीतला एक खिळा आधीच रिकामा करून ठेवला होता. तिला सोडायला म्हणून मी जाई आणि कडेच्या बाकावर बसून वर्गाचे निरीक्षण करी. तिथे काय चाले? पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवून नुसते उभे राहणे! मग एक सरळ ठोसा. मग पुन्हा उभे राहणे. महिनोन्‌महिने!

"बाई, पुढे कधी सरकणार?" मी एकदा शिक्षिकेला विचारलेच.

"पाया पक्का झाला की."

"अहो, एवढा वेळ तर आम्ही बॉयलरच्या पायालाही दिला नाही!"

"बॉयलरला कुणी ढकलत नाही, काका. मान वर! नजर समोर!"

शेवटची आज्ञा मुलांना होती. दचकून मान वर केली ती मी.

परीक्षेत काता करून दाखवायचा असतो. काता म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूंशी, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या दिशांना करायची लढत. त्यातल्या एका वळणावर नात हटकून चुके. एकाच! मी तत्काळ दिवाणखान्यातले सामान भिंतीला लावले आणि खडू, कोनमापक व ओळंबा घेऊन प्रत्येक पावलाची जागा फरशीवर आखून टाकली.

"सोफ्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात जायचं का मी?" आमच्या हिने विचारले.

"पावलाची जागा निश्चित केली, की चूक होणे अशक्य!"

"असंच म्हणत गिझर बसवला होता. अजून थंड नळाला गरम पाणी येतंय."

मी दुर्लक्ष केले. नात खुणांवरून अशी फिरू लागली, जणू नुकतेच तेल घातलेले यंत्र! फक्त तिची नजर फरशीवरून हलेना.

"पोर लढतेय, की हरवलेलं कानातलं शोधतेय?" ही म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात नात रडवेली होऊन वर्गातून आली. "आजोबा, तिथे खुणा नसतात ना! आता मला काहीच आठवत नाही. आधी एकच वळण चुकायचं!"

सुज्ञ माणसाने त्या क्षणी खडू पुसला असता. मी मात्र खुणा वाढवायचे ठरवले! परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी 'फरशीची पातळी तपासायची आहे' असे पहारेकऱ्याला सांगून मी परीक्षेच्या सभागृहात शिरलो आणि लाल चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून आलो. नातीला कोणती जागा मिळेल हे ठाऊक नसल्यामुळे, दूरदृष्टीने सगळ्याच जागांवर लावले!

सकाळी परीक्षक आले. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होते, म्हणून त्यांनी आपले टेबल उचलवून समोरच्या टोकाला नेले. सभागृहाची दिशा फिरली. माझ्या खुणांची फिरली नाही!

"ए, बाईंनी खुणा केल्यात!" कुणीतरी कुजबुजले. "त्यांच्यावरच उभं राहायचं!"

झाले! अख्ख्या रांगेने परीक्षकांकडे पाठ केली आणि पाण्याच्या पिंपाला वाकून नमस्कार घातला. मग त्या पिंपावर चाल! शिक्षिका ओरडल्या, "नजर समोर!" मुलांनी माना वर केल्या. निम्मी परीक्षकांकडे वळली, निम्मी खुणांना चिकटून राहिली, आणि दोन्ही फौजा मध्यभागी एकमेकींवर आदळल्या. त्या गर्दीत नात स्तब्ध उभी होती. ती फक्त माझ्याकडे पाहत होती.

"या खुणा कुणी केल्या?" परीक्षकांनी विचारले.

मी उठू लागलो. बाक बुटका, गुडघे जुने. मी सरळ होण्याआधीच आवाज आला, "मी केल्या, सर."

नात!

"नाही, नाही! मी! मी केल्या!" मी अर्धवट उठलेल्या अवस्थेतच ओरडलो. "त्या दिवशी पाय बरोबर ठेवून उभे असलेले तुम्ही एकटेच होतात, काका," असे शिक्षिका नंतर म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

खुणा काढल्या गेल्या आणि सर्वांना पुन्हा संधी मिळाली. बाकीची मुले सावरली. त्यांचा पाया त्यांच्या पायांत होता. माझ्या नातीचा मी फरशीवर काढून ठेवला होता. ती दुसऱ्याच पावलाला थांबली.

परतताना तिने आपली पिशवी मला धरू दिली नाही. घरी आल्यावर रिकाम्या खिळ्याला शाळेचे दप्तर अडकवले. मी खडू पुसायला बसलो, तेव्हा हिने बादली आणून ठेवली आणि एकही टोमणा मारला नाही. एवढी कठोर ती कधीच वागली नव्हती!

"आता मी काय करू?" पुढच्या वर्गाच्या वेळी मी शिक्षिकेला विचारले.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तेच अवघड असतं, काका. तिला चुकू द्या."

ती चुकली. भरपूर चुकली! मी हाताची घडी घालून बसलो. पुढच्या परीक्षेला तिची एकच अट होती : "आजोबा, तुम्ही दाराबाहेर. आमचे बूट सांभाळा."

बंद दाराबाहेर बसून मी फक्त ऐकत होतो. पावले, वळणे, थांबणे. अखेर तिची आरोळी आली, एकटीची, स्वच्छ! माझे डोळे भरून आले, आणि मन गुंतवण्यासाठी मी समोरचा बुटांचा अस्ताव्यस्त ढीग जरा नीट लावला.

दार उघडले. पिवळा पट्टा बांधलेली नात पुढे, मागे सगळा वर्ग. आणि क्षणार्धात गोंधळ! डावे बूट एका भिंतीला, उजवे दुसऱ्या भिंतीला, आकारमानाच्या चढत्या क्रमाने. किती सुटसुटीत! तरीही मुले एका पायावर लंगडत, वाकून, स्वतःची जोडी शोधत होती.

"मान वर! नजर समोर!" शिक्षिका दारातून कडाडल्या.

माझ्याखेरीज कोणीही मान वर केली नाही. समोर नात उभी होती. कमरेवर हात, एका पायात बूट.

"आजोबा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी घरीच थांबा."