नळयोजनेचा नकाशा आणि माझं रेझोल्यूशन

लिनक्स कोळून प्यायलेला माणूस अख्ख्या नेवासा तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे मी! हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मी गावच्या हायस्कूलात कॉम्प्युटर शिकवतो. विंडोज वापरणाऱ्यांकडे मी पट्टीचा पोहणारा टायर घेऊन विहिरीत उतरणाऱ्याकडे बघतो, तसा बघतो.

त्यामुळे ग्रामसभेत नव्या नळयोजनेचा नकाशा दाखवायचं काम सरपंच पुंजारामभाऊंनी माझ्याकडे दिलं, तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली. ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स मीच टाकलं होतं ना!

"सर, नकाशा जरा लांबूनच दावा," भाऊ म्हणाले. "लोकान्ला बारकावं कळत न्हाईत. हात वर करत्याल, ठराव पास, चहा!"

"भाऊ, निर्धास्त राहा!"

सकाळी अकराला पंचायतीच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. दीड-दोनशे माणसं. मी प्रोजेक्टर जोडला, नकाशा पडद्यावर आला आणि टाळ्या पडल्या. पण लॅपटॉप नवा, प्रोजेक्टर जुनापुराणा. दोघांचं रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांचं माप, काही जुळेना. थोरल्याची विजार धाकट्याला घालावी तसा नकाशा पडद्याबाहेर लोंबायला लागला.

"आन आमचं भीमनगर कुठंय?" पुढच्या रांगेतून गोजरबाई उठल्या. या बाई गेली सहा वर्षं दर ग्रामसभेत भीमनगरच्या पाण्याचं विचारतात, आणि दर ग्रामसभा त्यांना "बघू" म्हणते.

"आहे, मावशी! फक्त पडद्याच्या बाहेर गेलंय. कड कापली गेली."

"कायम कडंलाच ठिवलंय आमाला. मग कापली तर आमीच कापले जाणार की!"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी घाईघाईने सेटिंग उघडली आणि एक बटण दाबलं. अख्खं गाव उलटं झालं! टाकी खाली, नळ वर!

"बरोबर हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. "आमच्याकडं पानी असंच येतंय!"

हशा झाला. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला. मी चित्र सुलटं केलं, दुसरं माप निवडलं. आता सगळं गाव पडद्यात मावलं, पण एवढं बारीक, की पडद्यावर मुंग्यांची वस्ती वाटावी.

"लई झ्याक!" पुंजारामभाऊ खूश. "हेच ठिवा! घ्या, हात वर करा!"

"मला माझं घर दिसंना," गोजरबाई म्हणाल्या. "दिसंना त्याला हात कसा वर करू?"

आता भाऊंनी सांगितलं होतं तसा मी नकाशा लांबच ठेवायला हवा होता. पण माझ्या लिनक्सला नकाशा मोठा दाखवता येत नाही? ही माझ्या इज्जतीवर आलेली गोष्ट! मी आकार थेट दुप्पट केला.

नकाशा धाडकन पुढे आला. पडदाभर एकच कोपरा! मुख्य लाइनमधून फुटलेली एक लाल रेघ, आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरं: "शाखा ४. शेततळे, गट नंबर २१७."

"दोनशे सतरा गटाचं रान कुनाचं?" गोजरबाईंनी विचारलं.

दीडशे माना एकाच वेळी पुंजारामभाऊंकडे वळल्या.

"सर! बारीक करा ते!"

पडद्यावर चौकट आली: "ही सेटिंग ठेवायची का? वीस सेकंदांत पूर्ववत होईल." खाली दोन बटणं, 'ठेवा' आणि 'परत फिरवा'. आकडे उलटे पळायला लागले. एकोणीस... अठरा...

"ठिवा! ठिवा!" अख्खा हॉल गर्जला.

"परत फिरवा, सर!" भाऊ टेबलावर हात आपटत म्हणाले. "प्रोजेक्टर बंद करा!"

माझं बोट 'परत फिरवा'कडे निघालं आणि पोचलं 'ठेवा'वर! घाबरून मी एकदम चार बटणं दाबली. लॅपटॉपचं चित्र तिथल्या तिथे गोठलं. माऊस हलेना, काही बंद होईना, आणि प्रोजेक्टरला लोक कुणाला हात लावू देईनात. अर्धा तास शाखा चार पडद्यावर चिकटून बसली, आणि त्या अर्ध्या तासात ग्रामसभेने शाखा चार रद्द करून तेवढीच पाइपलाइन भीमनगरला न्यायचा ठराव मंजूर केला. भाऊंना हात वर करावा लागला. चहा कुणी पाजला नाही.

चार महिन्यांनी भीमनगरच्या नळाला पाणी आलं. वस्तीने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि फलकावर "निर्भीड शिक्षक"! मीही भाषणात सत्य, धैर्य, तंत्रज्ञान असं बरंच काही बोललो. अर्ध्या तासाने थांबलो.

गोजरबाई नारळ देताना कानाशी आल्या.

"सर, तुमचं बोट चुकलं, हे आमाला तवाच कळलं हुतं."

मी नारळाच्या शेंडीकडे बघत राहिलो.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "सहा वर्सांत दुसऱ्या कुनाचं तेवढंबी चुकलं न्हाई."