व्हीलचेअरची पात्रता

इंदूरच्या तुकोगंजातल्या आमच्या उद्यम मंडळाच्या स्टोअररूममध्ये एक व्हीलचेअर आहे. एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबाने ती गरजूंसाठी दिली होती. खरा गरजू अद्याप न सापडल्यामुळे ती नवीकोरी राहिली आहे, आणि मंडळाचा सचिव म्हणून मला याचा रास्त अभिमान आहे.

मध्यंतरी भानुमती नावाची बाई आमच्या बैठकीत आली. तिचा नवरा लक्ष्मण दुकानांच्या पाट्या रंगवतो. मंडळाच्या वर्धापनदिनाला ‘यश म्हणजे फक्त स्वकष्ट’ असा फलक दर्शनी भिंतीवर लावताना तो पडला आणि त्याचे दोन्ही पाय कायमचे लुळे झाले. मंडळाने तत्परतेने चौकशी केली. परांचीचे बांबू मंडळाचे होते, दोरीही मंडळाचीच होती, पण पडला तो एकटाच. त्यामुळे ही बाब वैयक्तिक ठरली.

“साहेब, ती कुर्सी तुमच्याकडे तशीच पडून आहे म्हणतात,” भानुमती म्हणाली. “ह्यांचे हात एकदम ठीक आहेत. दुकान गल्लीच्या टोकालाच आहे. तिथपर्यंत पोचले ना, की दिवसभर बसून पाट्या लिहितील. मग कोणाला परेशान नाही करणार.”

“बाई, द्यायला काय, आत्ता देऊ,” आमचे अध्यक्ष दौलतराव म्हणाले. “पण फुकट मिळालं की माणूस बिघडतो. अपन समाज बिघडवायला नाही बसलो इथे.” दौलतरावांना कष्टाचं मोल ठाऊक आहे. वडिलांनी मल्हारगंजात ठेवलेल्या दुकानांचं भाडं ते आजही स्वतः चालत जाऊन वसूल करतात.

यतीन हा आमचा तरुण सभासद पुण्याहून नोकरीसाठी इंदूरला आला आहे आणि आयटीत मॅनेजर आहे. त्याने प्रश्नाला शास्त्रीय वळण दिलं. “सर, रिसोर्स एक आणि मागणारे अनेक. ज्याला खरी भूक असते, तो धडपडतो. लक्ष्मणने तिसऱ्या मजल्यावर, आपल्या हॉलमध्ये येऊन स्वतः मागू दे. एफर्ट दिसला की चेअर त्याची.”

“लिफ्टने आला तर चालेल?” मी विचारलं.

“लिफ्टने आला तर एफर्ट लिफ्टचा झाला ना, सर.”

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. “चढता आलं असतं तर मागायला कशाला आले असते, भिया?” भानुमती म्हणाली. तिच्या विचारांतली ही नकारात्मकता पाहून मला मनापासून वाईट वाटलं. गरिबी नेमकी कुठून सुरू होते, ते अशा वेळी कळतं.

रविवारी जाहीर कार्यक्रम ठेवला. आधी पोहे-जलेबी झाली. अध्यक्षांनी वेळेवर पोचणं आवश्यक असल्याने दौलतराव लिफ्टने वर गेले. लक्ष्मणला रिक्षातून उचलून पहिल्या पायरीशी ठेवलं. तो पायऱ्यांकडे पाठ करून बसला, तळवे मागच्या पायरीवर टेकले आणि एकेक पायरी अंग वर ओढू लागला. पाय मागून फरफटत येत होते. भानुमती ते सरळ करायला वाकली, तेव्हा मी तिला अडवलं. बाहेरची मदत मिळाली असती तर बिचारा अपात्र ठरला असता.

दुसऱ्या मजल्यावर त्याने पाणी मागितलं. पाणी ही सवलत धरायची का, यावर यतीनचं आणि माझं एकमत होईना. शेवटी मानवतेच्या भूमिकेतून मी अर्धा पेला दिला. कठड्याला टेकून सभासद ओरडत होते, “शाब्बास लक्ष्मणजी! बस, थोडंच राहिलं!” सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. तळव्यांची साल निघाली होती, पायऱ्यांवर रक्ताचे डाग पडत होते, पण गडी थांबला नाही. तो हॉलच्या दारातून आत सरपटला तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं. खरं सांगतो, मला हुंदका आला.

“आलो, साहेब,” लक्ष्मण धापा टाकत म्हणाला. “आता कुर्सी देता ना?”

समितीने बाजूला जाऊन गंभीर चर्चा केली. मग दौलतरावांनी माइक हातात घेतला. “मित्रांनो, व्हीलचेअर ही असहाय माणसासाठी असते. जो माणूस स्वतःच्या बळावर तीन मजले चढून येतो, तो असहाय कसा? अशा वीराला कुर्सीत बसवणं हा त्याच्या कष्टांचा अपमान आहे. ते पाप आम्ही नाही करणार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लक्ष्मणला ‘पुरुषार्थरत्न’ पदवी, शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. सोललेल्या तळव्यांत नारळ ठरेना, म्हणून फोटोपुरता तो मी धरला. “साहेब, पण दुकानात जाऊ कसा?” असं काहीसं तो विचारत होता. तोवर माइक आभारप्रदर्शनाकडे गेला होता.

त्या चढाईचा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. कोणी ‘सलाम’ लिहिलं, कोणी ‘आता तरी बहाणे सोडा’ लिहिलं, कित्येकांनी आपल्या मुलांना मुद्दाम दाखवला. मंडळाकडे अभिनंदनाचे मेसेज अजून येतात आणि मी सगळे आवडीने वाचतो. तो माणूस त्या दिवशी तीन मजले खाली कसा उतरला, हे मात्र एकानेही विचारलेलं नाही. तुम्हालाही ते आत्ता सुचतंय, मी सांगितल्यावर.