विद्वांसकाका आणि उघडी ज्योत

आमच्या वरच्या मजल्यावरचे विद्वांसकाका दार उघडल्यावर 'या, बसा' म्हणत नाहीत. 'हात दाखवा' म्हणतात. आपण हात पुढे केले, की ते वाकून त्यांचा वास घेतात. खोबरेल तेल, व्हॅसलीन, बाम, पेट्रोल, स्पिरिटवालं सॅनिटायझर, यांतला कुठलाही वास आला, की बोट न्हाणीघराकडे जातं. "साबण उजव्या हाताला. पंचा डावीकडे. मग बोलू."

सोसायटीचे अध्यक्ष एकदा वर्गणीचं विचारायला वर गेले आणि तीनदा हात धुऊन परत आले. वर्गणीचं राहूनच गेलं. त्यांनी सकाळी गुडघ्याला तेल चोळलं होतं आणि ते काही केल्या जाईना.

"एवढं काय, मी काय आग लावायला आलोय?" अध्यक्ष चिडून म्हणाले.

"तुम्ही नाही हो लावत," काका म्हणाले. "तुम्ही ऑक्सिजनसारखे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. दुसऱ्याचं पेटलं की मात्र भडकवतो."

काका एका विमा कंपनीच्या आगविभागात नोकरीला होते. माणसं गोदामं कशी पेटवतात आणि गोदामं आपोआप कशी पेटतात, यांतला फरक कागदावरून ओळखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर आगीशी संबंध संपला, असं त्यांना वाटलं असणार. मग शरयूकाकूंची फुप्फुसं आतून कडक होत चालल्याचं निदान झालं, आणि शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत ऑक्सिजनचा पहिला सिलिंडर आला. उंच, काळा, खांद्यापासून वर पांढरा.

तो आला त्या दिवशी काका जिन्यात लग्नाच्या वरातीपुढे चालावं तसे उलटे चालत होते. "लोळवायचा नाही. आपटायचा नाही. डोक्याला धरून ओढायचा नाही. सावकाश." सिलिंडर आणणारा माणूस रोज असे वीस पोचवत असेल. तो म्हणाला, "काका, काय नाय होत." काका थांबले. "आमच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक फाइलची सुरुवात याच वाक्याने व्हायची," ते म्हणाले.

लिफ्टमध्ये सिलिंडर असताना माणूस नको, हा त्यांचा नियम. सिलिंडर ट्रॉलीला साखळीने बांधायचा, बटण दाबायचं आणि दोघांनी जिन्याने वर धावायचं. एकदा मधल्या मजल्यावर कोणीतरी लिफ्ट थांबवली. दार उघडलं, तर आत एकटा सिलिंडर उभा. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी त्याला नमस्कार केला आणि दार लावून घेतलं.

मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यातला. आकडा बरोबर असला की माणूसही बरोबर असेल, असं मानणारा. म्हणून आमचं जमलं. काकांनी मला गणित घातलं होतं: सिलिंडरमध्ये सात हजार लिटर, काकूंना मिनिटाला दोन लिटर, तर किती पुरेल? मी म्हटलं, अठ्ठावन्न तास आणि वर थोडं. काका खूश झाले. "थोडं धरायचं नाही. काटा तळाला जायच्या आत बदलायचा." पुढे काकूंना मिनिटाला चार लिटर लागू लागले. तेव्हा मात्र त्यांनी मला गणित घातलं नाही. मी मनात केलं आणि कोणाला सांगितलं नाही.

त्यांच्या घरात रोज सकाळी पूजेसारखा एक कार्यक्रम चालायचा. साबणाने धुतलेले कोरडे हात. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला आहे ना, हे साखळी ओढून बघायचं. मग बाजूला उभं राहून, तोंड फिरवून, चावी सावकाश फिरवायची. "चावी झटक्यात उघडली, की गॅस आतल्या आत तापतो. सावकाश." ही सावकाशी पुढे त्यांच्या अंगातच मुरली. नळ सावकाश, छत्री सावकाश. वर्तमानपत्राची घडीसुद्धा असे उलगडत, की बातमी शिळी व्हावी.

"माझ्या नाकात नळी आहे," काकू हसून म्हणायच्या, मध्ये श्वास घेत, "आणि यांच्या डोक्यात."

घरातली गॅसची शेगडी गेली. देवापुढचा दिवा गेला, उदबत्ती गेली, डासांची वडी गेली. विजेच्या शेगडीवर वरण शिजायचं, पण तेल तापवायला बंदी. म्हणून रोज साडेअकराच्या सुमारास काका वरणाचं पातेलं घेऊन आमच्या दाराशी उभे राहत. "मेधा, फोडणी मिळेल का गं?"

माझी बायको मेधा जिरं-मोहरी तडतडवून पातेल्यात ओतायची. काका दाराबाहेर, चार हात लांब. मग आमच्याच बेसिनवर कोपरापर्यंत हात धुऊन, पातेल्यावर झाकण दाबून वर. मेधा म्हणायची, "माणसं साखर मागतात, विरजण मागतात. फोडणी मागणारा हा पहिलाच शेजारी."

आम्ही हसायचो. सगळी इमारत हसायची. दसऱ्यापर्यंत.

दसऱ्याच्या सकाळी काका झेंडू आणि आपट्याची पानं आणायला मंडईत गेले होते. कसब्यातून काकूंची धाकटी बहीण, उषाताई, आली होती. मेधाही वर जाऊन बसली होती. काकू म्हणाल्या, "उषा, आज घरातली यंत्रं पुजायची ना गं? शिलाईचं मशीन पुजलं. यांची स्कूटर पुजली. आणि मी ज्याच्यावर जगते, त्याला हळदकुंकू नाही?"

यात कोणाला काय खटकणार? मेधालाही खटकलं नाही. आमच्याकडे गिरणी पुजतात, संगणक पुजतात. उषाताईंनी सिलिंडरवर कुंकू ठरेना म्हणून ते तेलात खललं आणि त्याच्या पांढऱ्या खांद्यावर स्वस्तिक काढलं. वरची चावी फिरताना कुरकुरते, असं काकू म्हणाल्या होत्या. तेव्हा पूजेच्या वाटीतला खोबरेलाचा एक थेंब तिथेही सोडला. दाराची बिजागरी कुरकुरली तर आपण काय करतो? तेच. मग तबकात निरांजन लावलं. काकू खुर्चीतून हात जोडून बघत होत्या. त्यांच्या नाकातल्या नळीतून त्याच सिलिंडरचा वारा येत होता.

एवढ्यात काका झेंडू घेऊन दारात आले.

मेधा सांगते, की ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "मेधा, निरांजन घेऊन जिन्यात जा. पळू नकोस. सावकाश." ती गेली. मग त्यांनी हात धुतले, पुसले, चावीला स्पर्श न करता काकूंची नळी कोपऱ्यात राखीव ठेवलेल्या दुसऱ्या सिलिंडरला जोडली. खिडक्या उघडल्या. सिलिंडरवाल्याला फोन करून सांगितलं, "चावीला तेल लागलंय. लपवत नाही. वेगळा ठेवा, तुमच्या माणसाला हात लावू देऊ नका. बंद कसा करायचा ते सांगायला जाणकार पाठवा." हे सगळं होईपर्यंत मीही वर पोचलो होतो.

"अहो भावोजी, एक थेंब तर तेल," उषाताई रडकुंडीला आल्या होत्या.

"उषा, दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा थेंब भेटला, की काडीसुद्धा लागत नाही. आपोआप पेटतं. आणि तू तर काडीही लावलीस."

मग ते बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. पिशवीतला झेंडू तसाच मांडीवर. पिशवी कलंडली होती आणि फुलं एकेक करून खाली पडत होती. मी शेजारी बसलो. आतून काकूंचा आवाज येत होता, तुटक, श्वासाश्वासाला थांबणारा.

"दिवा नाही. उदबत्ती नाही. फोडणीचा वास नाही. घर आहे का गोदाम?"

"गोदामच," काका पायरीवरून म्हणाले. "माल तेवढा किमती आहे."

मग काकू म्हणाल्या, "पाडव्याला मी तुम्हांला ओवाळणार. खऱ्या निरांजनाने. यंदा."

'यंदा' या शब्दावर त्या थांबल्या. ते थांबणं श्वासासाठी नव्हतं. काकांनाही ते कळलं. ते उठून आत गेले.

दिवाळी आली. आधीचे चार दिवस काका मापाची टेप घेऊन घरात फिरत होते. काकूंच्या खुर्चीपासून दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत. मला वाटलं, माणूस आता नक्की कामातून गेला. पाडव्याच्या सकाळी त्यांनी आम्हां दोघांना वर बोलावलं आणि कारखान्यात काम वाटून द्यावं तसं काम वाटून दिलं.

काकूंची खुर्ची आत, खिडकीशी. नाकात नळी. मांडीवर तबक: सुपारी, अंगठी, हळदकुंकू, अक्षता. निरांजन नाही. दार सताड उघडं. काकांचा पाट बाहेर, जिन्यापलीकडच्या भिंतीला लागून, बरोबर काकूंच्या नजरेसमोर. आणि पाटासमोर, काकूंची नजर अडणार नाही अशी एका बाजूला, मेधा. तिच्या हातात पेटवलेलं निरांजन.

"शरयू तिकडे तबक फिरवील, तसं तू इकडे फिरवायचंस," काकांनी मेधाला बजावलं. "तिच्या हातावर लक्ष ठेव. ओवाळणारी ती. तू नुसती ज्योत धर."

आणि मी काय करायचं? मी दारात उभं राहून वारा आतून बाहेर येतोय की बाहेरून आत, ते बघायचं. तेवढ्यासाठी काकांनी माझ्या हातात उदबत्ती नव्हे, रेशमाचा एक दोरा दिला होता.

काकूंनी तबक उचललं. तबक एकदा फिरलं, आणि बाहेर मेधाच्या हातातली ज्योत फिरली. दुसऱ्यांदा फिरायच्या आत लिफ्टचं दार उघडलं आणि अध्यक्ष मिठाईचा डबा घेऊन नेमके मधे येऊन उभे राहिले. समोर ज्योत फिरतेय म्हटल्यावर त्यांनी भाबडेपणाने हातही जोडले.

"बाजूला व्हा हो," काका पाटावरून म्हणाले. "तुमची ओवाळणारी खालच्या मजल्यावर आहे."

काकू हसल्या. इतक्या हसल्या, की धाप लागली आणि काका अर्धे उठले. काकूंनी हातानेच खूण करून त्यांना खाली बसवलं. मग पुन्हा तबक, पुन्हा ज्योत. शेवटी त्यांनी अक्षता उचलल्या आणि काकांच्या दिशेने टाकल्या. त्यांच्यात जोर कुठला? अक्षता उंबऱ्याच्या आतच पडल्या.

काका उठले. निरांजन जिन्याखाली जाईपर्यंत थांबले. मग उंबऱ्याशी गुडघ्यावर बसून त्यांनी एकेक दाणा वेचला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि काकूंकडे पाहून म्हणाले, "पोचल्या."

थंडी पडली आणि एका सकाळी काकू गेल्या. घरीच, खिडकीशी, काका उशाशी बसलेले असताना. दुपारी आम्ही सगळं आटोपून परत आलो. तोवर सिलिंडरवाला येऊन दोन्ही सिलिंडर घेऊन गेला होता. भिंतीला नुसती साखळी लोंबत होती.

जिथे माणूस गेलं त्या जागी दिवा लावायची आपली रीत. उषाताईंनी खिडकीशी जमीन पुसून घेतली, पीठ पसरलं, कणकेचा दिवा ठेवला, त्यात तेल-वात घातली. काडेपेटी हातात घेतली, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी काकांकडे पाहिलं.

"भावोजी, लावू ना? सिलिंडर गेलेत आता."

"थांब," काका म्हणाले.

ते उठले. खाटेवर काकूंची गोधडी तशीच पडली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. "नळी नाकाला असायची, पण सगळा ऑक्सिजन काही नाकात जात नाही. पांघरुणात मुरतो. दिसत नाही, वास नाही. पांघरूण आधी वाऱ्यावर धरायचं, मगच जवळपास ज्योत." आवाज नेहमीचाच होता, नियम सांगतानाचा. ते गोधडी घेऊन गॅलरीत गेले.

मी मागोमाग गेलो. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी होती. त्यांनी गोधडी दोरीवर टाकली नाही. हातांवर धरून उभे राहिले.

"किती वेळ धरायची असते?" मी विचारलं.

"पाव तास पुष्कळ झाला."

पाव तास झाला. अर्धा झाला. खाली रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका झाला आणि ओसरला. आत उषाताई पिठाशी बसून होत्या. त्या दारापर्यंत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, आता लावू?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. गोधडी त्यांनी छातीशी थोडी वर ओढून घेतली.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून आहे त्यात."

उषाताईंनी काडेपेटी पदराखाली घेतली आणि आत जाऊन बसल्या. गोधडी जड होती आणि काकांचे दंड भरून आले होते. मी दुसरं टोक धरलं.

वारा अजिबात नव्हता. मी ते बोललो नाही.