कागद, पुठ्ठा आणि गोजराबाई टिटवी

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. एके ठिकाणी ती पायी ओलांडता येत असे, आणि नेमका तिथेच जकातनाका होता. नाका का होता, असले प्रश्न विचारू नयेत. पाणी आले की मासे येतात, वाट आली की नाका येतो.

नदीकाठच्या गोट्यांमध्ये गोजराबाई नावाची टिटवी राहत असे. टिटवी झाडावर घर करत नाही. उघड्यावर गोट्यांत अंडी घालते. अंडी अशी गोट्यांसारखी दिसतात की कुणाला ओळखू येत नाहीत. साप फसतो, कावळा फसतो. पण दुपारी पाण्यावर येणाऱ्या म्हशीही फसतात. दर उन्हाळ्यात गोजराबाईची अंडी त्यांच्या खुरांखाली जायची.

"अगं बायांनो, खाली बघून चाला की जरा!" ती ओरडायची.

"बघूनच चालतो," म्हशी म्हणायच्या. "गोटेच दिसतात."

हे खोटे नव्हते. म्हणूनच गोजराबाईला जास्त रडू यायचे. मुद्दाम तुडवले असते तर निदान भांडता तरी आले असते.

यंदा तिने मनाशी ठरवले, काहीही होवो, पिल्ले वाचवायचीच.

नदीपलीकडे गांधीलमाश्यांची वस्ती होती. वाळक्या लाकडाचा भुसा खरवडायचा, चघळायचा, थापायचा आणि वाळवायचा, की झाला कागद. साधा, मळकट, वर ना लेप ना चकाकी, पण चिवट. असा एखादा जाडसर ताव गोट्यांत अंथरला आणि त्यावर अंडी घातली, तर म्हशीलासुद्धा दिसेल, असा गोजराबाईचा हिशेब. ती पलीकडे जाऊन म्होरक्या गांधीलमाशीला भेटली.

"ताव देते," माशी म्हणाली, "पण घार दिसली की पहिली बोंब तू ठोकायचीस."

बोंब ठोकणे हा तर टिटव्यांचा पिढीजात धंदा. सौदा पटला. तावाची गुंडाळी चोचीत धरून गोजराबाई खुशीत परत निघाली आणि नाक्यावर अडकली.

नाक्याचे नाकेदार म्हणजे पांढरपट्टे नावाचा बगळा. एका पायावर उभे राहून ते तासन्‌तास विचार करत, आणि विचार संपला की पाय बदलत. त्यांच्या शेजारी फांदीवर राघोबा पोपट. जकातीची सगळी कलमे त्याला तोंडपाठ होती. अर्थ विचारलात तर तो रागावायचा.

"काय आणलंत बाई?" पांढरपट्टे म्हणाले.

"कागद आहे साहेब. घरच्या वापराला."

"जाड दिसतोय. कागद आहे की पुठ्ठा?"

"त्याला काय होतंय?"

असे विचारू नये, मुलांनो. त्या राज्यात कागदावर जकात चोचभर किडे, आणि पुठ्ठ्यावर पोतेभर. एके काळी राजाच्या मेहुण्याने पुठ्ठ्याचा कारखाना काढायचे मनात आणले होते. बाहेरचा माल स्वस्त पडू नये म्हणून जकात बसवली. कारखाना काही निघाला नाही. जकात मात्र टिकली.

"राघोबा, कलम!" पांढरपट्टे म्हणाले.

"लेप न दिलेला कागद व पुठ्ठा!" राघोबा मान वर करून ओरडला. "लिहिण्यासाठी, छापण्यासाठी अथवा अन्य कारणासाठी! गुंडाळीत अथवा चौकोनी तावात! वीतभर तुकडा चार चिंचोक्यांहून जड असल्यास पुठ्ठा, अन्यथा कागद!"

गोजराबाईने गुंडाळी उलगडली. ताव गोल निघाला. माश्यांना कोपरे ठाऊकच नाहीत.

"गोल कलमात नाही," पांढरपट्टे खिन्न होऊन म्हणाले. "शास्त्रीबुवांना बोलवा."

शास्त्रीबुवा म्हणजे चर्वणशास्त्री बोकड. कागदाच्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा, कारण त्यांच्या तपासणीनंतर बहुतेक वेळा कागदच उरत नसे. त्यांनी ताव चारी बाजूंनी कुरतडून चौकोनी केला आणि डोळे मिटून रवंथ केला.

"लाकूड बाभळीचं," ते म्हणाले. "माशीची थुंकी बेताची. चव उत्तम. कागद की पुठ्ठा, ते वजनाशिवाय सांगता येत नाही. आणखी थोडा मिळेल का?"

"नाही मिळणार!" गोजराबाईने तावावर पंख पसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन झाले. कुरतडलेल्या तावाचा वीतभर तुकडा तराजूत टाकला, तर तो पाच चिंचोके भरला.

"पुठ्ठा," पांढरपट्टे म्हणाले.

"अहो, रात्रभर तुम्हीच उघड्यावर ठेवलात!" गोजराबाई म्हणाली. "दव प्यायलाय तो. ऊन तापू द्या, मग मोजा."

ऊन तापले. तोच तुकडा साडेतीन चिंचोके भरला.

"झाला ना कागद? जाऊ मी?"

पांढरपट्ट्यांनी पाय बदलला. "कशा जाल? कागद म्हटला तर सकाळची नोंद चुकीची ठरते. सकाळीही मीच होतो."

"मग पुठ्ठा म्हणा आणि मला सोडा! पोतेभर किडे आणते कुठून तरी!"

"मग दुपारची नोंद चुकीची ठरते. दुपारीही मीच आहे."

बिचारी गोजराबाई हात जोडायला हात नव्हते म्हणून पंख जोडून उभी राहिली. काही उपयोग झाला नाही. नाक्यामागे बाभळीच्या काट्यांचे कुंपण होते. ताव त्याच्या आत अंथरला गेला, चारी कोपऱ्यांवर लाखेचे शिक्के बसले आणि वर राजाज्ञा झाली: निर्णय होईपर्यंत या मालाला कुणी चोच, पंजा किंवा खूर लावू नये.

अंड्यांना मात्र निर्णयाची वाट बघायची सवय नसते. त्याच संध्याकाळी गोजराबाईला कळा सुरू झाल्या. गोट्यांत परत जायचे म्हणजे पुन्हा तेच खूर. ती कुंपणावरून आत उतरली आणि जप्तीतल्या तावावर तिने अंडी घातली. चोच लावायची मनाई होती. अंडी घालायला मनाई आहे, असे राघोबाला कुठल्याच कलमात सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हशी आल्या. पण नाक्याशी पांढरपट्टे आडवे आले.

"थांबा! अंगावर काय आहे?"

"चिखल," म्हशी म्हणाल्या.

"कुठला? अलीकडचा की पलीकडचा? ओला की वाळलेला? राघोबा, कलम!"

म्हशींनी एकमेकींकडे पाहिले आणि मुकाट्याने दूरच्या डोहाकडे निघून गेल्या. पुन्हा त्या काही इकडे फिरकल्या नाहीत. साप आला, त्याला कातेचा दाखला मागितला. कावळा आला, तर शिक्का बघूनच परतला.

गोजराबाई अंड्यांवर बसून हे सगळे बघत होती. हळूहळू तिच्या ध्यानात आले की अख्ख्या जंगलात इतकी निवांत जागा दुसरी नाही. तिचे भिजत घोंगडे चांगले उबदार निघाले होते.

आणि मग, नको तेव्हा, सरकारला जाग आली. एका सकाळी चर्वणशास्त्री आनंदाने उड्या मारत आले.

"सुटला पेच! सकाळचे आणि दुपारचे वजन मिळवून निम्मे करायचे. निकाल असा, की हा लेप न दिलेला पुठ्ठा आहे!"

"अभिनंदन बाई!" पांढरपट्टे म्हणाले. "जकात भरा, माल घ्या आणि अंडी उचलून जागा मोकळी करा."

ज्या शब्दांसाठी तिने पंख जोडले होते, ते ऐकून गोजराबाई अंड्यांवर आणखी घट्ट बसली. अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येत होती. आता बाहेर काढले असते तर सगळे मुसळ केरात. पण इतके दिवस सरकारच्या अंगणात राहिल्यावर थोडे शहाणपण कुणालाही येते.

"निकाल शिरोधार्य आहे साहेब," ती अदबीने म्हणाली. "फक्त एक शंका. लेप न दिलेला म्हणता, मग हा पांढरा थर कसला?"

सगळे वाकून बघू लागले. इतके दिवस एका जागी बसलेल्या पक्ष्याच्या अवतीभवती जो थर साचतो, तोच तो होता.

"ही तर शी—" शास्त्रीबुवा म्हणाले.

"नाक्यावर असं बोलू नये," पांढरपट्टे म्हणाले. "थर म्हणा."

"लेप दिलेला कागद व पुठ्ठा!" राघोबा किंचाळला. "कलम पुढचे! एका बाजूने अथवा दोन्ही बाजूंनी!"

"दोन्ही बाजूंनी आहे का?" पांढरपट्ट्यांनी विचारले.

"उलटून बघावं लागेल," गोजराबाई म्हणाली. "पण वर अंडी आहेत. अंड्यांचं कलम कोणतं?"

पांढरपट्ट्यांनी पाय बदलला. मग पुन्हा बदलला. शेवटी प्रकरण राजधानीला धाडायचे ठरले, आणि शिक्क्यांवर नवे शिक्के बसले.

दोन दिवसांनी अंडी फुटली. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाली की लगेच धावू लागतात. ती शिक्क्यांवरून उड्या मारत कुंपणाच्या फटीतून बाहेर पळाली. जन्मात पहिल्यांदा गोजराबाई आपल्या पिल्लांच्या मागे धावत होती. आनंदाने तिला इतके रडू आले की पुढची वाट दिसेना.

राजधानीतून उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र नाक्यावर झुंबड उडाली. टिटव्या, चंडोल, तित्तिर, सगळ्यांच्या चोचीत एकेक ताव. "साहेब, आमचा कागद आहे की पुठ्ठा, जरा नीट तपासा. घाई नाही." पांढरपट्ट्यांनी राजाला कळवले, की नाक्याच्या चोख कारभारामुळे व्यापार भरभराटीला आला आहे. राजाने त्यांना बढती दिली.

तात्पर्य : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मोठी माणसे सांगतात. साफ चूक. चढावी, पायरीवरच अंडी घालावीत, आणि निकाल लागतोय असे दिसले की अदबीने एक शंका काढावी.