लोखंडी घोडीची चाल

आमचे शेजारी नाना माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, पायांकडे बघतात. मी शिक्षक म्हणून बदली होऊन सारंगखेड्याला आलो, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी मला ओट्यापासून फाटकापर्यंत चालायला लावलं. मग निकाल दिला, "मास्तर, मानूस बरा शे. डावा पाय आळशी शे." पुतणीला आलेलं चांगलं बागायतदाराचं स्थळ त्यांनी परत पाठवलं, कारण पोरगा टाचा घासत चालतो. "चाल दखा, चाल!" हे त्यांचं पालुपद.

घोड्यांच्या यात्रेचं गाव असल्यामुळे इथे हे खपून जातं. पण नानांचं वेड घोडेबाजारात मावणारं नाही. घोड्यांचे व्हिडिओ बघता बघता एकदा मोबाईलने आपणहून त्यांच्यापुढे एक जपानी कार्टून सिनेमा टाकला. सगळी माणसं दुसऱ्या ग्रहावर निघून गेलेली, आणि मागे राहिलेली एक मुलगी लोखंडी घोडीवर बसून आईला शोधायला निघते. बोलणं हिंदीत केलेलं. नानांना ना ग्रहाशी देणंघेणं, ना आईशी. ती घोडी रेवाल चालत होती! म्हणजे एकाच बाजूचा पुढचा आणि मागचा पाय एकदम उचलत होती. "पाठवर पानीना पेला ठेवा, थेंब सांडस नही," असं नाना भेटेल त्याला सांगत सुटले.

मग दुसरा भाग आला आणि नाना पेटले. पहिला भाग हाताने काढलेला होता. मुलीचं नाक म्हणजे एक रेघ, आणि तेच झुडूप चारदा मागे जायचं. दुसरा सगळा कॉम्प्युटरवर केलेला. आयाळीचा केस न् केस वेगळा, घोडीच्या पोटाच्या पत्र्यात ढग सरकताना दिसत. मी तर हरखून गेलो. नाना कपाळाला हात लावून बसले. "रंग झकास शे हो. पन चाल कोनी चोरी?" खरंच, नवी घोडी साध्या दुडक्या चालीने जात होती.

मी मास्तरकी केलीच. म्हटलं, "नाना, पहिल्या चित्रकाराची चूक झाली असेल. कॉम्प्युटरने ती सुधारली." आठ दिवस नाना माझ्याशी बोलले नाहीत.

नवव्या दिवशी बोलावणं आलं. "तिसरा भाग बनी ऱ्हायना म्हने. तेन्हा पहिले त्यासले इंग्रजीमा कागद लिखा." नुसत्या पत्राने चाल कळायची नाही, म्हणून सोबत व्हिडिओही जोडायचा ठरला. नाना पुढचे पाय. त्यांची कंबर धरून मी मागचे पाय. नानांच्या घरच्या, म्हणजे काकू, मोबाईल धरून ओट्यावर उभ्या. "उजवा, उजवा! डावा, डावा!" नाना ओरडत होते. दोन शहाणीसुरती माणसं भर सकाळी अंगणात घोडी होऊन फिरत होती. माझा पाय चुकला की नाना खणखणीत शिवी हासडत.

तिसऱ्या फेरीला नानांनी उजवा-डावा म्हणणं सोडून दिलं. पाय मात्र चालूच.

"चांदनीना तीन फोटू शेतस मन्हाकडे," ते पुढे बघतच बोलले. चांदणी ही त्यांची घोडी. वीस वर्षं दारात होती, मी यायच्या आधीच मेली. "तिन्हीमा उभी शे. चालतांना एकबी नही, मास्तर. डोळा मिटस तं आते चाल याद येस नही. त्या कार्टूनमा दिखनी."

त्या चालीला मी चूक म्हटलं होतं. मला माझीच भयंकर लाज वाटली. काकूंनी मोबाईल केव्हाच खाली घेतला होता. मी थांबलो.

"थांबू नका," नाना म्हणाले. "आते पाय बरोबर पडी ऱ्हायनात."

मी पुन्हा त्यांची कंबर घट्ट धरली. आम्ही आणखी एक फेरी घेतली. मग आणखी एक.