सिस्टरांचा आठवडा

सोमवारी सकाळी सहाच्या ठोक्याला सिस्टर जिममध्ये यायच्या, पिशवीतून पॉवरलूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा लांबलचक तुकडा काढायच्या आणि स्टुलावर चढून अख्ख्या भिंतीवरचा आरसा झाकून टाकायच्या. चार कोपऱ्यांना चार चिमटे, कपडे वाळत घालताना लावतात ते. मग खाली उतरून म्हणायच्या, "आज कुणी स्वतःला बघायचं नाही. आज पाय."

ज्यांनी जिमचं तोंड पाहिलेलं नाही त्यांना यातला अत्याचार कळायचा नाही. सोमवार हा छातीचा वार असतो. तसं कुणी ठरवलेलं नाही, पण सोमवारी कुठल्याही जिममध्ये जा, बेंचपाशी रांग असते. रविवारी खाल्लेली बिर्याणी छातीत भरायची, टी-शर्ट वर करून आरशात बघायचं, फोटो काढायचा आणि कामावर जायचं. भिवंडीत तरी याला अपवाद नव्हता. सिस्टर येईपर्यंत.

सिस्टर म्हणजे सुलोचना गायकवाड. वय बासष्ट. सरकारी दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं नर्स होत्या, म्हणून सगळे सिस्टर म्हणतात. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस बारीक कापलेले, अंगात नवऱ्याचा असावा असा ढगळ शर्ट आणि ट्रॅक पँट. मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला सुपरवायझर आहे. ड्युटीला जायच्या आधी धामणकर नाक्याजवळच्या या जिममध्ये तासभर घाम गाळायचो. म्हणजे गाळतो असं मला वाटायचं. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं,

"किती वर्षं येतोस?"

"सहा."

"सहा वर्षांपूर्वी बेंचवर किती मारायचास?"

"साठ."

"आणि आता?"

"पासष्ट."

"बरं झालं बाबा तू दवाखान्यात आला नाहीस," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत एवढीच सुधारणा झाली असती तर तुझ्या घरच्यांनी आम्हाला मारलं असतं."

त्या दिवशी त्यांनी माझा चार्ट केला. आपला कार्यक्रम लोकांच्या गळी उतरवायची त्यांची हीच पद्धत होती. कुणी मागो न मागो, त्या चार्ट करायच्या. पुठ्ठ्याला क्लिप लावलेली, वर नाव, वय, वजन, अगदी पेशंटच्या पायथ्याशी टांगतात तसा. सोमवारी खांद्यांवर बार घेऊन बैठका, म्हणजे स्क्वॉट. बुधवारी जमिनीवरून बार उचलायचा, म्हणजे डेडलिफ्ट. शुक्रवारी डोक्यावर ढकलायचा. शनिवारी दोन्ही हातांत वजन घेऊन नुसतं चालायचं. बाकीचे दिवस खायचं आणि झोपायचं. तीन आठवडे दर वेळी थोडं थोडं वजन वाढवायचं, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर यायचं. बस्स. बायसेप्सचं त्यात नावसुद्धा नव्हतं.

"सिस्टर, हाताचं काय?"

"हात काय हवेत लटकणार आहेत? बार कशाने धरशील?"

कार्यक्रमाला त्या कार्यक्रम म्हणायच्याच नाहीत. डोस म्हणायच्या. "डोस ठरलेला आहे," हे त्यांचं पालुपद. एकदा बुधवारी मला फार जोर आला होता. त्या पाठमोऱ्या आहेत बघून मी बारला गुपचूप पाच किलो जास्त लावले. उचललेही. दुसऱ्या दिवशी चार्टवर लाल पेनाने लिहिलेलं दिसलं: 'रुग्णाने स्वतःच्या मनाने डोस वाढवला.' खाली सही. पुढचे दोन आठवडे जिममधला प्रत्येक माणूस मला तब्येत विचारत होता.

पण खरा वांधा चौथ्या आठवड्यात व्हायचा. ज्याला वजन उचलायची चटक लागली त्याला एक वेळ उपाशी ठेवा, पण हलकं उचलायला सांगू नका. आमच्यातले अन्सारभाई लूमवर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करतात. दणकट माणूस. ते अडून बसले.

"सिस्टर, इतना तो मेरी बीवी उठा लेगी."

"घेऊन या तिला. तिचाही चार्ट करते. आणि मला सांगा अन्सारभाई, लूम आठवडाभर बंदच केला नाही तर काय होतं?"

"गरम होता है. बेअरिंग जाती है."

"मग शेठ काय करतो?"

"मेंटेनन्स के लिए बंद रखता है..." एवढं बोलून अन्सारभाई स्वतःच थांबले. त्यांनी बारवरच्या दोन प्लेटा काढल्या आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात तर तेच नव्या माणसांना सांगत होते, "ये हफ्ता मेंटेनन्स का है, भाई."

सिस्टर कुणाला भ्यायच्या नाहीत. गुडघा जरा दुखला म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या, तर तो तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, या वयात पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही." सिस्टरांनी विचारलं, "गॅसचा सिलिंडर?" तो म्हणाला, "कुणाला तरी सांगायचं." "कुणाला?" डॉक्टरने खूप वेळ प्रिस्क्रिप्शनकडे पाहिलं म्हणे. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ऐंशी किलोचा डेडलिफ्ट केला आणि चार्टवर शेरा मारला: 'गुडघा ऐकतो आहे.'

तर अशा पद्धतीने वर्षभरात आम्ही नऊ जण सिस्टरांच्या नादी लागलो. माझा स्क्वॉट चाळीसवरून एकशे दहावर गेला. गोडाऊनमध्ये हमालांच्या बरोबरीने पेटी उचलायला लागलो. शर्ट खांद्यात तंग झाले. मुख्य म्हणजे आरशात बघायची आठवणच राहिली नाही.

हे जिमचे मालक जयेशशेठ यांना परवडणारं नव्हतं. जयेशशेठ इथलेच, बापजाद्यांच्या शेतावर आता गोडाऊनं उभी आहेत, आणि जिम हा त्यांचा हौसेचा मामला. माणूस दिलदार, दंड केवढाले, पाय मात्र बापाचे घेतलेले, काटकुळे. त्यांना जिममध्ये रंगीत दिवे लावायचे होते, नवी मशिनं आणायची होती.

एका शुक्रवारी ते सिस्टरांसमोर उभे राहिले. "सिस्टर, राग नका मानू. पन लोकांना आरसा पायजे. पोरं रील बनवतान. तुमचा तो रॅक बरोब्बर मधे हाय, कॅमेऱ्यात येतो. आन सोमवारी ते कापड... मयताचं घर वाटतं हो."

"रॅक माझा आहे," सिस्टर म्हणाल्या. तो खरंच त्यांचा होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी रॅक, म्हणजे बार टेकवायचा लोखंडी सांगाडा, एक बार आणि प्लेटा स्वतः घेऊन जिममध्ये आणून ठेवल्या होत्या, कारण तिथे स्क्वॉट करायची सोयच नव्हती.

"न्हाय, तुमचाच हाय. मी कुठं न्हाय म्हनतो? कोपऱ्यात ठेवू. तिकडं, बाथरूमच्या बाजूला. आन चार्ट-बिर्ट जरा बंद करा. नवा माणूस घाबरतो."

आम्ही सगळे बार खाली ठेवून ऐकत होतो. सिस्टरांनी जयेशशेठना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पायांपाशी जरा जास्त वेळ थांबल्या.

"जयेश, तू जिन्याने वर आलास की लिफ्टने?"

"लिफ्टनी."

"पहिल्या मजल्यावर?"

जयेशशेठनी पँट जरा खाली ओढली.

"रॅक बाथरूमजवळ जाणार नाही. उद्या इथून जाईल," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी अन्सारभाईंकडे पाहिलं. अन्सारभाईंच्या शेठने काही जुने लूम भंगारात काढल्यापासून एक शेड रिकामा पडून होता, नाक्यापासून आत तीन गल्ल्या सोडून. शेठला फोन लागला, तो हो म्हणाला. दहा मिनिटांत सगळं ठरलं.

मी म्हटलं, "सिस्टर, मी गोडाऊनवरून टेम्पो सांगतो."

"उद्या वार कोणता?"

"शनिवार."

"शनिवारी काय असतं?"

शनिवारी वजन घेऊन चालायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्सारभाईंनी आपल्या पान्यांनी रॅक खोलला आणि आमची वरात धामणकर नाक्यावर उतरली. पुढे सिस्टर, दोन्ही हातांत वीस-वीस किलोच्या प्लेटा, पाठ ताठ. मागे आम्ही नऊ जण, कुणाच्या खांद्यावर लोखंडी खांब, कुणाच्या हातांत प्लेटा. अन्सारभाईंनी आणि मी बार धरलेला. शेअर रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून दमले. एक ट्रक चौकात अडकला, त्याच्यामागे दुसरा. रस्त्याच्या मधोमध एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून सिस्टरांना विचारलं, "मावशी, टेम्पो नाय मिळाला का?"

"टेम्पोने उचललं तर आम्ही काय उचलायचं?"

तो इतका हसला की रिक्षातून उतरला आणि हात दाखवून त्याने समोरची गाडी थांबवली. आम्ही रस्ता ओलांडला. वर गॅलरीत जयेशशेठ उभे होते. सिस्टरांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्या फक्त मोठ्याने म्हणाल्या, "खांदे मागे! वाकडं चालायचं असेल तर घरी जा!" आणि नऊ जणांचे खांदे मागे गेले. मला आयुष्यात माझ्या लग्नाच्या वरातीतही एवढं ताठ चालल्याचं आठवत नाही.

तीन खेपा झाल्या. शेडमध्ये पत्र्याला भोकं होती, पण जमीन अशी की तिच्यावर वर्षानुवर्षं लूम धडधडलेले. वजन आपटलं तरी हूं की चूं नाही. आज तिथे आम्ही चौदा जण आहोत. रंगीत दिवे नाहीत, आरसा नाही. गेल्या महिन्यात जयेशशेठ आले होते. म्हणाले, सहज बघायला आलो. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली नाही, चार्ट दिला.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारी दुपारचं.

शेडला अजून कुलूप नव्हतं. मोठ्या प्लेटा उचलून न्यायची कुणाची छाती नव्हती, पण लहान प्लेटा भंगारात सहज गेल्या असत्या. म्हणून त्या पिशव्यांत भरून मी सिस्टरांबरोबर त्यांच्या घरी गेलो. वर्षभरात पहिल्यांदाच. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, सगळं दवाखान्यासारखं स्वच्छ. आतल्या खोलीत पिशव्या ठेवायला गेलो तर तिथे लोखंडी पलंग होता, दोन्ही बाजूंना कठडे असलेला, पेशंटचा असतो तसा. छताच्या हुकाला दोर आणि दोराला लाकडी मूठ. गादीवर धुतलेली चादर. पलंग रिकामा होता.

"बस त्याच्यावर, मोडत नाही," स्वयंपाकघरातून सिस्टर म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा आहे."

त्यांचे यजमान ट्रक चालवायचे, भिवंडी ते नाशिक. पडघ्याच्या पुढे एका ढाब्यावर जेवताना त्यांची डावी बाजू गेली. उंचापुरा माणूस, अठ्ठ्याहत्तर किलो. सिस्टर तेव्हा नोकरीत होत्या. दवाखान्यात असे किती पेशंट उलटेपालटे केले होते, पण तिथे जोडीला वॉर्डबॉय असायचा. घरी त्या एकट्या.

"एकदा दुपारी बाथरूममध्ये पडले. मी अर्धा तास झटले, पण जमिनीवरून उठवता येईना. शेवटी गल्लीतल्या चौघांना हाक मारली. चांगली माणसं. उचलून आणलं, पलंगावर ठेवलं. ह्यांच्या अंगावर एक ओला टॉवेल." सिस्टर चहाचं पातेलं गॅसवर ठेवत होत्या, पाठ माझ्याकडे. "दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, सुलू, परत कुणाला बोलावू नको."

त्यानंतरच्या आठवड्यात सिस्टर दवाखान्याजवळच्या एका जिममध्ये जायला लागल्या. वय चौपन्न. जमिनीवरून उचलायचं, उभं करायचं, धरून चालायचं, हेच त्यांना शिकायचं होतं. बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

"आणि कुणाला बोलवावं लागलं?"

"सहा वर्षांत एकदाही नाही." त्यांनी हे जयेशशेठना उत्तर द्यावं तशा आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, "पण गंमत बघ. माझ्या बारवरचं वजन वाढत गेलं तसतसे ते हलके होत गेले. शेवटी शेवटी तर माझ्या वॉर्मअपएवढेच राहिले होते. मी म्हणायची, अहो, जरा खा, मला व्यायाम होत नाही. हसायचे."

ते जाऊन दोन वर्षं झाली होती. मी वर लटकणाऱ्या त्या मुठीकडे बघत बसलो.

"उजवा हात चांगला होता त्यांचा," सिस्टर म्हणाल्या. "चार्ट तेच लिहायचे. मी आले की चप्पल काढायच्या आत विचारायचे, आज किती? मी सांगायची, ते लिहायचे. चुकलं की ओरडायचे. आता मीच उचलते, मीच लिहिते." त्यांनी साखरेचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. "तसं काय, लिहिलं नाही तरी चालेल."

मला एकदम नाक्यावरची वरात आठवली, आणि नऊ जणांपैकी एकालाही सिस्टरांना कधी विचारावंसं वाटलं नाही हेही. आम्ही आमचेच आकडे सांगत राहिलो.

पलंगाशेजारच्या खिळ्याला एक पुठ्ठा टांगला होता, त्याच्या क्लिपमध्ये पेन. मी तो काढून मांडीवर घेतला.

"आज किती झालं, सिस्टर?"

त्या वळल्या नाहीत. त्यांचे ते रुंद खांदे एकदा वर गेले आणि सावकाश खाली आले.

"पहिली खेप वीस-वीसच्या दोन प्लेटा," त्या म्हणाल्या. "नाका ते शेड, न थांबता. लिहिलंस?"

"लिहिलं."

"नीट लिही. अक्षर कळायला पाहिजे. दुसऱ्या खेपेला उजव्या हातात जरा जास्त होतं, डाव्या हातात कमी, ते वेगळं लिही. रस्ता ओलांडताना मनगटात कळ आली होती, पण ठेवलं नाही खाली..."

चहा उतू गेला, त्यांनी न बघताच गॅस बंद केला. त्या सांगत राहिल्या, आणि मी मधे मधे "मग?" म्हणत लिहीत राहिलो.