जाड आवाजाचा सायलेन्सर

"म्हातारा सायलेन्सर घ्यायला आलाय का तबला?"

शिरूरच्या दुकानातला फिटर हे आपल्या जोडीदाराला म्हणाला. हळूच म्हणाला, पण मी शेजारीच उभी राहून मोबाईलमध्ये बघत असल्याचं नाटक करत होते, म्हणून मला ऐकू आलं. आमचे आप्पा तेव्हा पिकअपच्या मागे उकिडवे बसले होते. डोळे मिटलेले, मान तिरपी, बोटं गुडघ्यावर. समोर सायलेन्सर फुरफुरत होता. थोड्या वेळाने आप्पांनी डोळे उघडले आणि निकाल दिला, "पातळ हाय. काढा."

आप्पा आमचे शेजारी. तळेगाव ढमढेरेच्या पुढे आमचा बांधाला बांध आहे. त्यांची शेवंती, आमचा ऊस. त्यांच्या लेखी जगात दोनच आवाज असतात, जाड आणि पातळ. पिठाची गिरणी जाड, मोबाईलची रिंग पातळ. सरपंच जाड, ग्रामसेवक पातळ. मी बोलले की ते कानामागे हात धरतात. "पोरी, तुझा तर निव्वळ दोरा हाय. इंग्रजी शाळंत आवाज कापून घेत्यात का?" यावर मी गप्प बसते, आणि त्यांना वाटतं, आपलं खरं निघालं.

त्यांच्या पिकअपचा सायलेन्सर यंदा कुजला. गावातल्या वेल्डरने इतकी ठिगळं मारली की मूळचा पत्रा शोधावा लागला असता. शेवटी ठिगळंही गळाली. आप्पा फुलं घेऊन निघाले की आमच्या घरातली भांडी थरथरायची. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. मीटिंगमध्ये एकदा कुणीतरी काळजीने विचारलं होतं, तुमच्याकडे विहीर खणतायत का? त्यामुळे आप्पांनी नवा सायलेन्सर घ्यायचं काढल्यावर, मोबाईलवर शोधून देते, असं मी आपणहून म्हणाले. त्यात परोपकार नव्हता. मला सगळ्यात शांत सायलेन्सर हवा होता.

चार संध्याकाळ आप्पा आमच्या ओट्यावर बसून सायलेन्सरचे व्हिडिओ ऐकत होते. बघत नव्हते, फोन कानाला लावून ऐकत होते. मग फोन परत देत म्हणाले, "ह्यात समदेच पैलवान हायेत. गाडीला लावल्याबिगर खरं कळायचं न्हाई."

मग आमची यात्रा सुरू झाली. आप्पा, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, आणि मी. काकूंना ते आग्रहाने घ्यायचे. "चल गं, तेवढंच हिंडणं." यवतला चकचकीत स्टीलचा मिळाला. "ताटात चमचा पडल्यावानी वाजतोय." तळेगावात एक जुना होता, चांगल्या स्थितीतला. "ह्याला दमा हाय." मी धीर करून गाडीच्या कंपनीचाच सुचवला. आप्पांनी मान हलवली. "लई सभ्य असतोय तो. कवा आला, कवा गेला, कळतबी न्हाई." मला नेमकं तेच हवं होतं.

शिरूरच्या फिटरने पहिला काढून दुसरा बसवला. हा खरंच छान होता. इंजिन चालू आहे की नाही, हे हात लावून बघावं इतका छान. दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले. आप्पा केबिनमध्ये बसून गाडी रेस करत होते आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मागच्या पाइपकडे बघतच नाहीत. ते रस्त्यापलीकडे बघतायत.

पलीकडे रसवंती होती. बाकावर काकू रस पीत बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. आप्पांनी अजून रेस केली. काकूंची पाठ हलली नाही.

"पातळ हाय," आप्पा म्हणाले आणि खाली उतरले. फिटर कपाळावर हात मारून आत गेला. मी आप्पांकडे बघत राहिले. त्यांनी ते ओळखलं.

"कुणापाशी बोलू नको," ते म्हणाले. "तिला कमी ऐकू यायलंय. कुकरची शिट्टी न्हाई, फोन न्हाई. गिरणी येती, माझा आवाज येतो. जाड तेवढं येतं."

"मशीन मिळतं ना कानाचं," मी म्हणाले.

"म्हणलं मी. तर म्हणती, चारचौघांत बहिरी म्हणवून घेऊ व्हय?" त्यांनी पलीकडे काकूंच्या पाठीकडे बघितलं. "इतकी वर्सं पुलावर गाडी आली की ही फाटकात उभी राहायची. ह्या ठिगळाच्या गाडीचा दणका तिला येतो, म्हणून बरं चाललंय. पर मधी आठ दिस भावाची गाडी वापरली, नवी. मी मागं जाऊन उभा राहिलो तरी कळंना. दचकली. हातातलं तांब्याभांडं पडलं. मग दोन दिस बोलली न्हाई. चोरावानी घरात यायला मला नको वाटतंय, पोरी."

फिटर आतून एक लांबट, मोठ्या डब्याचा सायलेन्सर घेऊन आला. "आप्पा, हा शेवटचा. ह्याच्यापुढं मी दुकान बंद करून घरी जाणार. आवाज मोठा नाय, खोल हाय. पोलीस धरणार नाय."

बसवला. आप्पांनी चावी फिरवली. घुम्म करून एक आवाज जमिनीतून आल्यासारखा आला, माझ्या चपलांपर्यंत.

पलीकडे काकूंनी मान वळवली. ग्लास ठेवला, पदर सावरला आणि रस्ता ओलांडून आल्या. आप्पा स्टिअरिंग धरून नुसते बसले होते.

"झालं का? निघायचं?" काकू म्हणाल्या. मग गाडीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, हे काय घुमतंय! ह्या पोरीचं दिवसभर फोनवर काम असतं. काढा ते. ती बिचारी बोलायची न्हाई म्हणून काय झालं?"

आप्पांनी इंजिन बंद केलं. फिटरने पान्हा उचलला. काकू माझ्याकडे वळल्या. "तूच सांग गं. त्रास होईल का न्हाई तुला?"

दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नेहमीच्या आवाजात "नाही" म्हणाले आणि काकू तशाच माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले, पोटापासून आवाज काढला आणि शाळेत असताना कधी बोलले नसेन इतक्या जाड आवाजात म्हणाले,

"राहू द्या, काकू! आप्पा आले की मलापण कळेल!"